तीन मिनिटांचा वारसा : खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांच्या ध्वनिमुद्रिका

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त गाण्याविषयी, त्यातही एका गायकाच्या जुन्या तबकड्यांविषयी व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. ग्रंथालय हे अक्षरांचे घर. नादाचा तेथे काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ध्वनिमुद्रिका हाही एक प्रकारचा ग्रंथच होय. कोणीतरी उघडल्याशिवाय दोन्हीही मुकेच राहतात. दोहोंत फरक एवढाच की, ग्रंथ वाचल्याने फारसा झिजत नाही. लाखेची जुनी तबकडी मात्र पोलादी सुई तिच्यावरून फिरली की दर वेळी थोडी झिजते. म्हणून तिचा सांभाळ अधिक काळजीने करावा लागतो.

हा विषय बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागाला परका नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड आणि हिंदी पदे रचली. त्यांच्या दरबारात गायक-वादकांचा सन्मान होत असे आणि ती परंपरा संस्थानाने पुढे चालविली. प्रभूंच्या पदांचे शब्द छापील ग्रंथांत सुरक्षित आहेत. त्यांच्या चाली गळ्यागळ्यांतून पुढे आल्या. पण ती पदे प्रभूंच्या काळी ज्या आवाजात घुमली, तो आवाज कायमचा गेला, कारण आवाज धरून ठेवण्याचे साधनच तेव्हा जगात नव्हते. थॉमस एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. प्रभूंच्या समाधीनंतर बारा वर्षांनी आवाजाला स्थिर रूप मिळाले. शब्द उरतो आणि स्वर विरतो, हा आजवरचा नियम त्या यंत्राने मोडला.

हिंदुस्थानात हे साधन व्यापाराच्या रूपाने आले. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचे फ्रेडरिक गायस्बर्ग १९०२ साली कलकत्त्यास उतरले आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात तेथे ध्वनिमुद्रणे झाली. गौहरजान त्या पहिल्या मोहिमेतील सर्वांत गाजलेली गायिका. गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारी. मूळ मेणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हर येथे जात आणि तेथे तबकड्या तयार होऊन बोटीने परत येत. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला. तबकडीचा मुख्य बंधक पदार्थ म्हणजे लाख; पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवरील किड्यांपासून मिळणारा. हिंदुस्थानची लाख, जर्मनीचे यंत्र आणि गायकाचा गळा, असा तो तिहेरी संगम होता.

या नव्या यंत्राकडे अनेक थोर गायकांनी पाठ फिरविली. त्यांची कारणे वेगवेगळी होती. यंत्र आवाज ओढून घेते अशी भीती होती, विद्या बाजारात जाईल अशी शंका होती, आणि तासाचा ख्याल तीन मिनिटांत कसा मावणार, हा रास्त प्रश्नही होता. परिणाम मात्र एकच झाला. महाराष्ट्रात ग्वाल्हेरची गायकी रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १९२६ साली गेले. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ साली गेले. बखलेबुवा आणि अल्लादियाखाँ यांच्या गाण्याची बाजारात विकली गेलेली एकही तबकडी नाही. त्यांचे मोठेपण आज शिष्यांच्या आठवणींतून आणि शिष्यांच्या गाण्यांतून अनुमानाने जाणावे लागते. देऊळ उभे आहे, पण मूर्ती पाहिलेले कोणी उरले नाही, अशी ही अवस्था आहे.

या पार्श्वभूमीवर अब्दुल करीमखाँ यांचा वारसा पाहावा लागतो. त्यांचा जन्म उत्तरेतील कैराना गावी १८७२ साली झाला. किराना घराणे हे नाव त्याच गावावरून आले. तारुण्यात ते बडोद्याच्या दरबारी होते. तेथे सरदार माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा संबंध जुळला आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे ते महाराष्ट्र-कर्नाटकातच रमले. १९१३ साली पुण्यास त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालविले. म्हैसूरच्या दरबारात त्यांचा गौरव झाला. दक्षिणेच्या सहवासात त्यांनी कर्नाटक संगीताचा मनापासून अभ्यास केला. त्यांच्या सरगमीवर त्याची छाप स्पष्ट ऐकू येते. अखेर त्यांनी मिरजेस घर केले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांची अपत्ये. आईबरोबर दूर गेलेल्या या मुलांनी आपापल्या नावाने मराठी संगीतात स्वतंत्र स्थान मिळविले.

खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांचे दोन संच पडतात आणि त्या दोहोंमध्ये सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे. पहिला संच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, दुसरा १९३० नंतरच्या दशकातला. हे अंतर केवळ वयाचे नाही, तंत्राचेही आहे, आणि ते तंत्र समजून घेतल्याशिवाय या तबकड्या नीट ऐकता येत नाहीत.

पहिल्या काळात विजेचा उपयोग नव्हता. गायकाने एका मोठ्या शिंगात तोंड घालून गावयाचे. त्या हवेच्या धक्क्याने पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर चर कोरी. तेथे खणखणीत आवाजाला फायदा होता. मृदू आवाज, सुरावरून सुराकडे रेंगाळत जाणारी मींड, स्वराच्या कडेचा बारीक कंप, हे सारे त्या शिंगात हरवून जाई. तबला दबून जाई, तंबोऱ्याचा झंकार जवळजवळ नाहीसाच होई. ज्या गायकाचे सर्वस्व स्वराच्या सूक्ष्मतेत होते, त्याला हे यंत्र अपुरेच पडणार होते.

१९२५ सालापासून विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. शिंगाच्या जागी मायक्रोफोन बसला. आता ओरडण्याची गरज उरली नाही. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार आणि काहीसा अनुनासिक होता. तारसप्तकात तो एखाद्या धाग्यासारखा ताणला जाई. मायक्रोफोनने तो धागा तुटू न देता पकडला. साठीच्या घरातील खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी गाइलेल्या या तबकड्या पुढे कोलंबियाच्या नाममुद्रेनेही निघाल्या. त्यांत झिंझोटीतील ठुमरी आहे, भैरवी आहे, जोगिया आहे, तिलंग आहे, बसंत, शंकरा आणि मालकंस आहेत. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती आहे. शिवाय 'मानापमान' या १९११ सालच्या नाटकातील 'चंद्रिका ही जणू' हे पदही आहे. उत्तरेत जन्मलेल्या मुसलमान गवयाने तेलुगू कृती आणि मराठी नाट्यपद एकाच श्रद्धेने गावे आणि ते दोन्ही एकाच जातीच्या तबकडीवर उमटावे, याचे मोल सीमाभागातील श्रोत्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. येथे एकाच अंगणात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू ऐकू येतात.

खाँसाहेबांच्या स्वराची कीर्ती शास्त्रज्ञांपर्यंतही पोहोचली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींविषयी १९१० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी इ. क्लेमेंट्स हे सनदी अधिकारी होते. श्रुतींचे मापन करण्याच्या त्यांच्या प्रयोगांत खाँसाहेबांनी स्वर लावून दाखविले. त्या प्रयोगांचे निष्कर्ष सर्वांना मान्य झाले नाहीत आणि पंडितांचा वाद पुष्कळ काळ चालला. तथापि आपला स्वर मोजून पाहू देण्याचे धैर्य एका उस्तादाने दाखविले, ही गोष्ट त्या वादाहून मोठी आहे. यंत्राला न भिण्याची ही वृत्तीच त्यांना तबकडीपर्यंत घेऊन गेली असावी.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी, मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता, सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर त्यांचा अंत झाला. छातीत कळ येऊ लागली म्हणून ते गाडीतून उतरले आणि फलाटावर तंबोरा लावून ईश्वरस्मरण करीत गेले, असे सांगतात. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात ठेवण्यात आला. तेथे उरुसाच्या निमित्ताने त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाज यांच्या उरुसाला सर्व जातिधर्मांची माणसे एकत्र येताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मिरजेचे ते दृश्य अनोळखी वाटणार नाही.

गायक गेला, तबकड्या राहिल्या. त्यांनी पुढे काय केले, हा या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

गदगचा एक शाळकरी मुलगा खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकतो आणि असे गाता आले पाहिजे, या एकाच ध्यासाने घर सोडतो. ते भीमसेन जोशी. गुरूच्या शोधात ते ग्वाल्हेर, जालंदर असे उत्तरेत भटकले. जालंदर येथे विनायकराव पटवर्धनांनी त्यांना सांगितले की, जे शोधतो आहेस ते तुझ्याच मुलखात आहे. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर, धारवाडच्या बाजूस कुंदगोळ येथे होते. गदगपासून ते गाव फार दूर नाही. तीन मिनिटांच्या आवाजाने मुलाला शेकडो मैल फिरविले आणि अखेर घराच्या जवळ आणून सोडले. तबकडीने दार उघडले, पण आत नेऊन बसविले ते गुरूनेच.

ही दोन कामे वेगळी आहेत, हे येथे नीट लक्षात घेतले पाहिजे. तबकडी तहान लावते. ती भागविणे तिच्या हाती नाही. सवाई गंधर्वांच्या घरी भीमसेनांना, गंगूबाई हनगल यांना आणि फिरोज दस्तूर यांना जे मिळाले, ते वर्षानुवर्षांच्या सहवासाचे आणि मेहनतीचे फळ होते. पण तहान लागलीच नसती, तर विहिरीकडे पाऊल वळले नसते. 'गोपाला मेरी करुणा' ही खाँसाहेबांच्या तबकडीतील चीज दस्तूरांच्या मैफलीची ओळख ठरली. एका मुसलमान उस्तादाचे कृष्णाला विनविणारे गाणे एक पारशी गायक जन्मभर आळवीत राहिला आणि पुण्यातील श्रोते ते ऐकण्यासाठी दर वर्षी थांबून राहिले. याहून मोठे मृत्युपत्र कोणता गायक करू शकेल?

आता या वारशाची दुसरी बाजू. तबकडी सत्य सांगते, पण संपूर्ण सत्य सांगत नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीला त्याहून मिनिटभर अधिक. ज्या गायकीचा आत्मा एकेका स्वराच्या संथ बढतीत आहे, तिची ती बढत या तबकड्यांवर नाही. विलंबित ख्याल उलगडत जाताना मैफलीत जो काळ थांबून राही, त्याचा पुरावा कोठेच उरलेला नाही. म्हणून केवळ तबकड्या ऐकून करीमखाँ हे ठुमरीचे आणि भावगर्भ चिजांचे गायक होते, असे मत बनविणे म्हणजे प्रस्तावना वाचून ग्रंथाचे परीक्षण लिहिण्यासारखे आहे.

दुसरा दोष वेगाचा. ७८ फेऱ्यांचा वेग हा पुढे रूढ झालेला संकेत. आरंभीच्या काळातील तबकड्या कमी-अधिक वेगाने कोरल्या जात. त्या सरसकट एकाच वेगाने वाजविल्या, तर पट्टी चढते किंवा उतरते, आणि आवाजाची जातही बदलते. ज्याने जन्मभर स्वराचा अणुरेणू तोलून लावला, त्याचाच स्वर यंत्राच्या चुकीने बदलून ऐकू यावा, हा दैवदुर्विलास होय. पुढे या तबकड्यांवरून दीर्घमुद्रिका, ध्वनिफिती आणि संगणकावरील प्रती निघाल्या. प्रतीवरून प्रत घेताना खरखर काढण्याच्या भरात आवाजाची धारही कधी कधी पुसली गेली. हस्तलिखिताच्या प्रती करताना लेखकूच्या हातून पाठभेद होतात, तसेच हे आहे. ग्रंथसंपादनाची शिस्त ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ध्वनिमुद्रिकांनाही मूळ प्रत, पाठभेद आणि शुद्ध संहिता असते, हे सहज पटेल. म्हणूनच मायकेल किनिअर यांनी खाँसाहेबांच्या तबकड्यांची तपशीलवार सूची करून चरित्रासह प्रसिद्ध केली, तेव्हा ते काम गाण्याइतकेच ग्रंथविद्येचेही ठरले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी मराठीत लिहिलेल्या विस्तृत चरित्रात शिष्याच्या नजरेतून दिसलेला माणूस भेटतो. सूची आणि चरित्र शेजारी ठेवून तबकडी ऐकली, म्हणजे तीन मिनिटांचे गाणे पुष्कळ मोठे होते.

हे भाग्य आणि हे दोष केवळ आपल्याकडचे नाहीत. खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतच, अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसाच्या मुलखात, रॉबर्ट जॉन्सन नावाचा एक काळा तरुण गिटारीवर तेथील ग्रामीण दुःखगीते गात होता. त्या गाण्यांना तिकडे 'ब्लूज' म्हणतात. १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओ येथे आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलस येथे त्याची एकोणतीस गाणी मुद्रित झाली. १९३८ साली तो वारला. हयातीत त्याला जेमतेम ओळख मिळाली होती. १९६१ साली त्याच्या जुन्या तबकड्यांवरून एक दीर्घमुद्रिका निघाली आणि समुद्रापलीकडच्या तरुण गायकांनी ती ऐकून आपले गाणे बदलले. करीमखाँ दरबारांत आणि जाणकारांत मान्यता पावलेले उस्ताद होते. जॉन्सनला असा मान नव्हता. पण दोघांच्याही बाबतीत मूठभर लाखेच्या तबकड्यांनी मृत्यूला वळसा घातला. आणि अशा तबकड्या वाचण्यात माळ्यावर, पेटीत, जुन्या बाजारात त्या शोधणाऱ्या छांदिष्ट संग्राहकांचाही वाटा असतो.

येथे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. कंपनीने आवाज मुद्रित केला तो विकला जाईल म्हणून. जो आवाज विकला जाणार नव्हता, त्याचे काय झाले? पहाटे जात्यावर बसलेल्या बाईसमोर कोणी शिंग धरले नाही. मराठी मुलखातील ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, आणि १९९० नंतरच्या दशकात त्यांतील पुष्कळ ओव्या गाणाऱ्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांत आहे. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या. तोवर विजेच्या गिरण्यांनी जाती कधीच मुकी केली होती. थोडा उशीर झाला असता, तर एवढेही हाती लागले नसते.

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत हा उशीर आजही चालू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या बाजूची मराठी घरे कर्नाटकात राहिली. कागदोपत्री गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले तेही २०१४ साली. नकाशे बदलले, पाट्या बदलल्या; पण भजनी मंडळातील अभंगाची चाल, भारुडातील लकब, मराठी-कन्नड सरमिसळ झालेली लग्नगीते, यांना सीमा ठाऊक नाही. ती गाणाऱ्या पिढीचे वय झाले आहे. किराना घराण्याचा वारसा मिरज, कुंदगोळ, हुबळी आणि पुणे असा दोन्ही राज्यांत सारखाच नांदला, कारण त्याला तबकडीचा आणि गुरुकुलाचा दुहेरी आधार होता. गावगाण्याला यांतला एकही आधार नाही.

शंभर वर्षे अक्षरे जपलेल्या संस्थेला नादाची जपणूक अवघड नाही. तिला मोठा खर्च लागत नाही, शिस्त लागते. सभासदांच्या घरी माळ्यावर पडलेल्या तबकड्या भंगारात जाण्यापूर्वी मागून घ्याव्यात. त्या एकावर एक आडव्या रचू नयेत, ग्रंथांसारख्या उभ्या ठेवाव्यात, कारण भाराने त्यांना बाक येतो आणि तडा जातो. प्रत्येकीवरील कंपनीचे नाव, क्रमांक, गायक, राग आणि चीज यांची नोंद दाखल-पुस्तकात व्हावी. ती कोणाच्या घरून आली आणि त्या घरात कोण, केव्हा ऐकत असे, हेही जाणत्या माणसाला विचारून लिहून ठेवावे, कारण ही माहिती तबकडीवर छापलेली नसते. प्रत योग्य वेगाने घ्यावी आणि मूळ तबकडी पुन्हा पुन्हा वाजवू नये. आणि ज्यांचा आवाज कोणत्याही कंपनीने कधी मागितला नाही, त्या परिसरातील वृद्ध स्त्री-पुरुषांचे गाणे, त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी आणि गावानिशी मुद्रित करून ठेवावे. त्यासाठी लागणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. गायस्बर्ग यांना त्यासाठी सात समुद्र ओलांडून यावे लागले होते.

अब्दुल करीमखाँ शिंगासमोर आणि पुढे मायक्रोफोनसमोर उभे राहिले, तेव्हा ते गाणे कोण ऐकणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. गदगचा तो मुलगा पहिल्या तबकड्यांच्या वेळी जन्मालाही आला नव्हता. गायकाने आपले काम केले. बाकीचे काम कोणीतरी तबकडी जपली, कोणीतरी ती लावली आणि कोणीतरी थांबून ऐकली, म्हणून झाले. या तीन कोणीतरींपैकी पहिला ग्रंथपाल असतो. तो आपल्या जागी असला, म्हणजे पुढच्या दोघांची वाट पाहता येते.